भाजल्यानंतरची प्रतिकारशक्ती : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

भाजलेल्या माणसाला जंतुसंसर्ग इतक्या लवकर का होतो, तो कसा टाळायचा, कधी घाबरायचं आणि कधी नाही, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : माझा भाऊ ३५ टक्के भाजला आहे. पहिल्या दिवशी पांढऱ्या पेशी १८,००० होत्या, तिसऱ्या दिवशी ३,२०० झाल्या. अंगभर सूज आहे, ताप आहे. डॉक्टर म्हणतात, प्रतिकारशक्ती खालावली आहे. सूज आणि ताप म्हणजे शरीर लढतंय, असंच ना? मग खालावली म्हणजे नेमकं काय?

शरीर लढतंय हेही खरं आणि प्रतिकारशक्ती खालावली हेही खरं. दोन्ही एकाच वेळी चालू असतं, आणि मोठ्या भाजण्यातली सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

उष्णतेनं पेशी फुटतात आणि त्यांच्या आतला ऐवज रक्तात सांडतो : मायटोकाँड्रियातला डीएनए, एचएमजीबी-१ नावाचं प्रथिन, असं बरंच काही. (मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्या आतले भाग.) एरवी या वस्तू पेशीबाहेर सहसा दिसत नाहीत. पांढऱ्या पेशींवर जंतूंचे अंश ओळखणारे टोल-लाइक रिसेप्टर असतात. सांडलेला हा ऐवज भेटला तरी ते तसेच पेटून उठतात. त्यामुळे जखमेत एकही जंतू नसताना शरीरभर हल्ला झाल्यासारखी धावपळ उडते. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ अशी दाह भडकवणारी रसायनं सुटतात, केशवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातला द्रव बाहेर झिरपतो. भाजलेला भाग साधारण २० टक्क्यांहून जास्त असला, की मोठ्या माणसात हे झिरपणं जखमेपुरतं राहत नाही, न भाजलेल्या भागातही होतं. तुमच्या भावाची अंगभर सूज ती हीच. लहान मुलं आणि वृद्ध यांच्या बाबतीत १० टक्क्यांपासूनच सावध राहावं लागतं.

झिरपणाऱ्या द्रवाबरोबर अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन जातं, तशा अँटिबॉडीही जातात. आयजीजी या मुख्य अँटिबॉडीची पातळी पहिल्या काही दिवसांतच घसरते आणि पूर्वपदावर यायला दोन-तीन आठवडे लागतात.

या भडक्याला आवर घालायला शरीर लगेच उलट बाजूची रसायनंही सोडतं : कॉर्टिसोल, प्रोस्टाग्लँडिन ई-२, इंटरल्यूकिन-१०. ती भडका पुरता विझवत तर नाहीतच, पण नेमक्या कामाच्या पेशींना मंद करतात. मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूचा तुकडा ज्या एचएलए-डीआर प्रथिनावर ठेवून टी पेशींना (जंतू ओळखून लढा चालवणाऱ्या पांढऱ्या पेशींना) दाखवतात, ते प्रथिनच त्यांच्या पृष्ठभागावर कमी होतं. टी पेशींची संख्या घटते आणि उरलेल्या नीट वाढत नाहीत. न्यूट्रोफिल (जंतू गिळून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) दिशा चुकतात. जंतू जिथे आहेत तिथे पोचायच्या आधीच ते फुप्फुसासारख्या निरोगी ठिकाणी जाऊन आपली मारक रसायनं ओततात. तिथल्या ऊतींचं नुकसान होतं आणि जखमेतले जंतू तसेच राहतात.

आता आकड्यांकडे पाहू. पहिल्या दिवसाचे १८,००० हे बहुतेक वेळा ताणामुळे असतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात आणि अस्थिमज्जा आपला साठा सोडते. तिसऱ्या दिवशी आकडा उतरणंही नेहमीचं आहे : पेशी ऊतींमध्ये शिरलेल्या असतात आणि भरपूर सलाइनमुळे रक्त पातळ झालेलं असतं. जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम लावत असतील, तर त्यानंही दोन ते चार दिवसांत पांढऱ्या पेशी घटतात आणि बहुतेकांत आपोआप वर येतात. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा : हे मलम चालू आहे का, आणि प्लेटलेट किती आहेत? प्लेटलेट पहिले काही दिवस उतरतात आणि मग चढू लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरही त्या घसरतच राहिल्या, तर ती खूण पांढऱ्या पेशींच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाची असते.

प्रश्न : चहा सांडून हाताच्या मागच्या बाजूला भाजलं, दोन फोड आले. याने प्रतिकारशक्ती कमी होईल का? गोळ्या घ्याव्यात का?

नाही. बोटांसह स्वतःचा तळहात म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा जवळपास १ टक्का. तुमची जखम त्याहून लहान दिसते. एवढ्याशा भाजण्याचा परिणाम जागच्या जागी राहतो.

मात्र त्या जागेवर तो खराच होतो. जखमेच्या मधोमध पेशी मेलेल्या असतात. त्याभोवतीच्या पट्ट्यात रक्तपुरवठा मंदावलेला असतो आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत तो पट्टा एक तर वाचतो, नाही तर मरून जखम खोल करतो. इंग्लंडमधले शल्यचिकित्सक डग्लस जॅक्सन यांनी १९५३ साली हे पट्टे मांडून दाखवले आणि आजचे प्रथमोपचार त्याच पट्ट्याला वाचवण्यासाठी असतात. भाजल्यावर लगेच २० मिनिटं नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली जागा धरायची. उशीर झाला असला तरी तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. बर्फ नको, कारण त्यानं रक्तवाहिन्या आकसून तोच पट्टा मरतो. टूथपेस्ट, तेल, शाई यांपैकी काहीही नको : त्यांनी जखमेचा रंग झाकला जातो आणि जंतूंची सोय होते. अंगठी-बांगडी सूज येण्याआधी काढून ठेवा. जखम हाताची आहे, म्हणून एकदा डॉक्टरांना दाखवा. गोळ्यांची गरज नाही.

प्रश्न : वडील ४० टक्के भाजले आहेत. पाच दिवस झाले, तरी अँटिबायोटिक सुरू केलेलं नाही. हा निष्काळजीपणा तर नाही?

तुमची धास्ती समजते, पण संसर्ग नसताना आधीपासून शिरेतून अँटिबायोटिक न देणं हीच आज सर्वमान्य पद्धत आहे. त्याची कारणं जखमेतच आहेत.

भाजल्याक्षणी जखम जवळजवळ निर्जंतुक असते. केसांच्या मुळांत आणि घामाच्या ग्रंथींत खोलवर राहिलेले स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू मात्र जिवंत असतात. ते ४८ तासांत पृष्ठभागावर पसरतात. पाच ते सात दिवसांत रुग्णाच्या आतड्यातले, घशातले आणि हाताळणाऱ्यांच्या हातांवरचे ग्रॅम-निगेटिव्ह गटातले जंतू येतात, त्यांत स्यूडोमोनास सगळ्यात कुप्रसिद्ध. आठवडे लोटले आणि अँटिबायोटिकचा मारा होत राहिला, की कँडिडा, अॅस्परजिलस अशा बुरशींची पाळी येते. मेलेल्या कातडीच्या थरात रक्तवाहिन्याच उरलेल्या नसतात. शिरेतून दिलेलं औषध तिथे पोचतच नाही. मग ते शरीरातले साधे जंतू मारतं आणि चिवट जंतूंना जागा मोकळी करून देतं. दहाव्या दिवशी खरा संसर्ग होतो, तेव्हा नेहमीची औषधं निरुपयोगी झालेली असतात.

जखमेवरून लावायची जंतुरोधक औषधं, चांदीयुक्त ड्रेसिंग ही वेगळी गोष्ट, ती हवीतच. आणि खरा संसर्ग ठरला, तर अँटिबायोटिक वेळ न दवडता आणि पुरेशा मात्रेत द्यावं लागतं. पहिल्या एक-दोन दिवसांनंतर अनेक रुग्णांचं मूत्रपिंड औषध नेहमीपेक्षा भराभर बाहेर टाकतं, म्हणून नेहमीचा डोस अपुरा पडू शकतो. शक्य असेल तिथे रक्तातली औषधाची पातळी मोजून डोस ठरवतात.

तुम्ही विचारावा असा प्रश्न दुसराच आहे : मेलेली कातडी कधी काढणार? ती जोवर अंगावर आहे, तोवर पेशींतला ऐवज रक्तात येत राहतो आणि जंतूंना आयतं खाद्य मिळतं. पूर्वी ती आपोआप सुटेपर्यंत तीन-तीन आठवडे वाट पाहत. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या मारिबोर इथल्या डॉ. झोरा यान्झेकोविच यांनी पहिल्या काही दिवसांतच मेलेला थर पातळ-पातळ तासत, रक्त टिपकणाऱ्या जिवंत थरापर्यंत जाऊन लगेच त्यावर कातडी लावायला सुरुवात केली. १९७० साली त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले आणि जगभरची पद्धत बदलली. प्रतिकारशक्तीसाठी याहून मोठं औषध आम्हाला माहीत नाही.

प्रश्न : रोज ३८.३, ३८.५ असा ताप असतो. नर्स म्हणतात, चालतं. खरंच चालतं का?

मोठ्या भाजण्यात मेंदूतला तापमानाचा काटाच वर सरकतो. ३८ ते ३८.५ अंश सेल्सिअस हे त्या शरीराचं नवं 'नेहमीचं' तापमान होतं आणि नाडीही १०० च्या वर राहते. म्हणून ताप आहे एवढ्यावरून संसर्ग ठरवत नाहीत. या रुग्णांसाठी अमेरिकन बर्न असोसिएशननं २००७ साली वेगळे निकष सुचवले. प्रौढांसाठी ते असे : ताप ३९ च्या वर किंवा ३६.५ च्या खाली, नाडी ११० च्या वर, श्वास मिनिटाला २५ हून जास्त, तिसऱ्या दिवसानंतर प्लेटलेट एक लाखाच्या खाली, मधुमेह नसताना साखर २०० च्या वर, आणि नळीतून दिलेला आहार २४ तासांहून अधिक काळ न पचणं. यांपैकी तीन गोष्टी एकत्र दिसल्या, की संसर्ग शोधायला लागायचं. पांढऱ्या पेशींचा आकडा या यादीत मुद्दामच नाही, कारण भाजलेल्या माणसात तो फसवतो.

तापमान घसरणं हे चढण्याइतकंच धोक्याचं आहे, किंबहुना जास्त. कालपर्यंत ३८.५ असलेला रुग्ण आज ३६ वर आला आणि गुंगल्यासारखा झाला, तर 'ताप उतरला' म्हणून निर्धास्त राहू नका. तिथल्या तिथे सांगा. आहार अचानक तटणं हीसुद्धा फार लवकर दिसणारी खूण आहे, आणि ती नातेवाइकांच्या नजरेत आधी भरते.

जखमेत बघायचं ते असं : कडेची लाली निरोगी कातडीत पसरत जाणं, वेदना कमी होत असताना पुन्हा वाढणं, दुर्गंधी, हिरवट स्राव, आणि आधी गुलाबी असलेल्या जागी तपकिरी, काळे किंवा जांभळे डाग. हे डाग दिसले, तर जंतू पृष्ठभागावरून खालच्या जिवंत थरात शिरले असण्याची शक्यता असते. तिथे तासांचा हिशेब असतो.

प्रश्न : दोन वर्षांच्या मुलीच्या छातीवर गरम पाणी सांडलं. जेमतेम ४ टक्के. जखम स्वच्छ दिसते, पण तिसऱ्या दिवशी ३९.५ ताप, अंगावर पुरळ आणि जुलाब सुरू झाले. दात येताहेत म्हणून असेल का?

हे उत्तर ज्या पालकांच्या हाती वेळेवर पडेल, त्यांच्यासाठी स्पष्ट लिहितो : अशा मुलाला त्याच क्षणी रुग्णालयात न्या, आणि 'तीन दिवसांपूर्वी भाजलं होतं' हे पहिल्या वाक्यात सांगा. हा टॉक्सिक शॉक सिंड्रोम असू शकतो.

जखमेवर बसलेल्या स्टॅफिलोकॉकसच्या काही जाती टीएसएसटी-१ नावाचं विष तयार करतात. साधा जंतू आला, तर दहा हजारांत एखादी टी पेशी जागी होते. हे विष टी पेशींच्या रिसेप्टरला बाहेरूनच जोडून पाचांत एक इतक्या टी पेशी एकदम पेटवतं. मोठ्या माणसांपैकी बहुतेकांच्या रक्तात या विषाविरुद्ध अँटिबॉडी असतात. आईकडून मिळालेल्या अँटिबॉडी संपलेल्या आणि स्वतःच्या अजून न बनलेल्या, अशा वयात, म्हणजे साधारण चार वर्षांच्या आत, मूल उघडं पडतं. फसवणूक इथेच होते : भाजलेला भाग बहुधा १० टक्क्यांहून कमी असतो, जखम स्वच्छ दिसते आणि पुरळ पाहून गोवर, जुलाब पाहून पोटाचा विकार वाटतो. भाजल्यानंतर दोन ते चार दिवसांत ताप, पुरळ, उलट्या किंवा जुलाब, मरगळ यांपैकी दोन गोष्टी जरी दिसल्या, तरी थांबू नका. रक्तदाब कोसळायच्या आत उपचार मिळाले, तर मूल बहुधा वाचतं. त्यांत ड्रेसिंग उघडून जखम धुणं, सलाइन, विष बनणं रोखणाऱ्या क्लिंडामायसिनसह अँटिबायोटिक, आणि गरजेप्रमाणे अँटिबॉडी किंवा प्लाझ्मा यांचा समावेश असतो.

प्रश्न : दुसऱ्याची किडनी शरीर नाकारतं, मग मृत दात्याची कातडी भाजलेल्या अंगावर कशी टिकते?

कायमची टिकत नाही. ती काही आठवड्यांसाठीचं पांघरूण असते. इतर माणसावर अशी कातडी एक-दोन आठवड्यांत गळून पडली असती. मोठ्या भाजलेल्या रुग्णावर ती त्याहून बरीच जास्त राहू शकते. टी पेशी मंदावल्याचा हा एकमेव फायदा म्हणायचा. तेवढ्या काळात द्रव आणि प्रथिनं गळणं थांबतं, वेदना कमी होतात, आणि रुग्णाची स्वतःची कातडी ज्या जागेवरून घेतली ती जागा भरून आली, की तिथूनच पुन्हा घेता येते.

हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात मोलाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्यांसाठी काम करताना जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर आणि शल्यचिकित्सक थॉमस गिब्सन यांना ग्लासगोत दिसलं, की त्याच दात्याची कातडी दुसऱ्यांदा लावली, तर ती पहिल्यापेक्षा लवकर गळते. म्हणजे शरीर लक्षात ठेवतं. १९४३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं, आणि अवयव नाकारला जाणं हे प्रतिकारशक्तीचं काम आहे, ही समज तिथून रुजली. मेडावर यांना १९६० चं नोबेल मिळालं.

स्वतःची कातडी नाकारली जात नाही, तरीही ती वाया जाऊ शकते. खाली रक्त किंवा पाणी साठलं, हालचालीनं सरकली, किंवा त्या जागी जंतू जास्त असले, तर ती धरत नाही. स्ट्रेप्टोकॉकसची एक जात तर एका रात्रीत सगळी विरघळवते. पट्टी आणि फळी काढायची घाई करू नये, ती यासाठीच.

प्रश्न : प्रतिकारशक्ती वाढवायला काय द्यावं? ग्लुटामिनची पावडर चांगली असं ऐकलं.

'वाढवणं' हा शब्द इथे चुकीच्या दिशेला नेतो. अर्धी यंत्रणा आधीच अतिरेक करते आहे. तिला चेतवायचं नसतं. काम करणाऱ्या पेशींना कच्चा माल पुरवायचा असतो.

मोठ्या भाजण्यात शरीराचा विसाव्यातला ऊर्जाखर्च दुपटीच्या जवळ जाऊ शकतो. बाहेरून पुरवठा झाला नाही, तर शरीर स्नायू मोडून प्रथिनं मिळवतं, त्यांत श्वासाचे स्नायूही आले. मग खोकला क्षीण होतो आणि न्यूमोनिया होतो. प्रौढाला रोज किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं लागतात : ६० किलो वजनाला ९० ते १२० ग्रॅम. नळीतून आहार शक्यतो पहिल्या २४ तासांतच सुरू करतात. आतड्याला काम मिळालं नाही, तर त्याचं अस्तर झिजतं आणि आतले जंतू रक्तात शिरण्याचा धोका वाढतो. उष्मांक मात्र मोजूनच. जास्त दिलं, तर साखर चढते, यकृतात चरबी साठते, आणि चढलेल्या साखरेत न्यूट्रोफिल जंतू नीट मारत नाहीत. तांबं, जस्त, सेलेनियम जखमेतून वाहून जातात. ते भरून द्यावे लागतात, पण डॉक्टरांच्या मात्रेनं, कारण जस्त फार झालं की तांबं शोषलं जात नाही.

ग्लुटामिन या अमिनो आम्लावर (प्रथिनाच्या घटकावर) आमचीही बरीच आशा होती. २०२२ साली सुमारे १,२०० गंभीर भाजलेल्या रुग्णांवरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले : ते दिल्यानं रुग्ण लवकर घरी गेले नाहीत. त्यावर खर्च करू नका.

खोलीची ऊब आहारासारखीच मोजा. कातडी नसलेलं शरीर उष्णता धरू शकत नाही. खोली २८ ते ३२ अंशांवर ठेवली, तर ऊब राखण्यासाठी जाळली जाणारी शक्ती वाचते. तुम्हाला घाम फुटला तरी पंखा लावू नका.

प्रश्न : घरी आल्यावर किती दिवस जपायचं? लसींचं काय?

जखम पूर्ण मिटली, की सगळ्यात मोठा धोका टळतो. पण ऊर्जाखर्च आणि दाहाची रसायनं मोठ्या भाजण्यानंतर दोन-तीन वर्षांपर्यंतही चढलेली आढळली आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या रुग्णालयीन नोंदींच्या अभ्यासांत, आधी भाजलेल्या लोकांना पुढे संसर्गासाठी दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसलं. कारण-परिणाम त्यातून सिद्ध होत नाही, मात्र घरात कोंडून ठेवण्यापेक्षा लसीकरण पूर्ण करणं आणि खोकला-ताप अंगावर न काढणं, एवढं त्यातून घ्यावं.

धनुर्वाताची लस भाजलेल्या दिवशीच तपासायची असते. प्राथमिक डोस पूर्ण असून शेवटचा डोस पाच किंवा अधिक वर्षांपूर्वीचा असेल, तर खोल किंवा मळलेल्या जखमेसाठी पुन्हा एक डोस. लस कधीच पूर्ण झाली नसेल, तर तयार अँटिबॉडीचं इंजेक्शनही. फ्लू किंवा न्यूमोनियाच्या मृत लसींना घरी आल्यावर सहसा अडचण नसते. गोवर, कांजिण्या यांच्या जिवंत लसींबाबत मात्र डिस्चार्ज कार्ड दाखवून विचारा. रक्त, प्लाझ्मा किंवा अँटिबॉडी दिल्या असतील, तर दात्याच्या अँटिबॉडी लसीचा जंतू आधीच निष्प्रभ करतात आणि लस काही महिने पुढे ढकलावी लागते.

भेटायला येणाऱ्यांना एवढंच सांगा : सर्दी-खोकला असेल तर नंतर या, आणि आलात की आधी साबणानं हात धुवा. ड्रेसिंग करणाऱ्यानं जुनी पट्टी काढल्यावर हात पुन्हा धुवायचे आणि मगच नवी पट्टी उघडायची. नेमका हाच मधला हात धुणं घरी सगळ्यात जास्त वेळा राहून जातं.